मॅग्नम आणि नेम

अलास्कातील कोडियाक बेटावर तपकिरी अस्वलाच्या शिकारीला जाणाऱ्या अन्य राज्यांतील अमेरिकी माणसास परवानाधारक मार्गदर्शक किंवा अलास्कावासी जवळचा नातलग बरोबर घ्यावाच लागतो. मार्गदर्शकाचा आकार वीस हजार डॉलरच्या पुढे जातो. चार वर्षांत एकच अस्वल, पिले व पिलांसह असणारी मादी वर्ज्य, मारलेल्या जनावराचे कातडे आणि कवटी अधिकाऱ्यापुढे मांडून त्यांवर सरकारी मोहोर, असे तेथील नियम आहेत. इतकी बारकाई दाखविणाऱ्या राज्याने एक साधा प्रश्न मात्र विचारलेला नाही. बरोबर आणलेली रायफल या गृहस्थांना चालविता येते काय?

भारतात अस्वलाची शिकार कायद्याने बंद आहे, त्यामुळे त्या शिकारीलाच नाके मुरडणारे येथे पुष्कळ भेटतील. तो वाद वेगळा. शिकारीस परवानगी दिल्यावर ती कशी व्हावी, हा प्रश्न उरतोच.

कोडियाकचा पूर्ण वाढलेला नर सहाशे किलोंपर्यंत भरू शकतो. चरबीचा जाड थर आणि खांद्याची भक्कम हाडे भेदून गोळी हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचावी लागते. ती न पोचल्यास जखमी अस्वल आल्डरच्या दाट झुडपांत शिरते आणि त्याच्या मागावर जाण्याचे काम बहुधा मार्गदर्शकाच्या वाट्याला येते. अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने धावते. तीस पावलांवरून ते उसळले, तर हाती दोन सेकंदही राहत नाहीत. चुकीच्या गोळीची किंमत ती झाडणाराच मोजतो असे नाही.

या भीतीपोटी शिकारी दुकानातील सर्वांत दांडगी मॅग्नम रायफल उचलतो. .३७५ हॉलंड अँड हॉलंड हे १९१२ सालचे काडतूस अशा शिकारीत नावाजलेले आहे, यात शंका नाही. परंतु वर्षभरात पाच-दहा फैरी झाडणाऱ्याच्या खांद्याला त्याचा धक्का पेलत नाही. तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि गोळी पोटात जाते. अमेरिकेच्या वनसेवेने १९८३ साली जवळच्या अंतरावरील चाचण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा मोठ्या मॅग्नम काडतुसांच्या पंक्तीत २२० ग्रेनची गोळी असलेले जुने .३०-०६ हेही बसले. राज्याच्या वन्यजीव खात्याचा सल्लाही त्याच धर्तीचा आहे : २०० ग्रेन वा अधिक वजनाची, हाडावर न फुटणारी गोळी आणि सवयीची रायफल. उलट बाजूचा मूर्खपणाही आहेच. हलक्या, वेगवान गोळीवर भिस्त ठेवणारे खांद्यावरची हाडे विसरतात.

अलास्कातील १८८३ ते २००९ या काळातील २६९ घटनांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक त्यात आढळला नाही. त्या सर्वच काही शिकारीच्या घटना नव्हत्या, म्हणून निष्कर्ष फार ताणू नये. वेळेवर खांद्याला न लागलेली बंदूक हे नुसते ओझे असते, एवढे मात्र त्यावरून दिसते. मिरचीच्या फवाऱ्याने नव्वद टक्क्यांहून अधिक प्रसंगी अस्वलाला थोपविल्याचे २००८ च्या पाहणीत आढळले होते. शिकार सोलत बसलेल्याने तो कमरेला ठेवण्यात कमीपणा मानू नये.

कोडियाकमध्ये जखमी करून निसटलेले अस्वल शिकाऱ्याच्या हिशेबात मारलेलेच धरले जाते. नियम चांगला आहे, पण तो गोळी सुटल्यावरचा. फिनलंडमध्ये अस्वलावर रायफल रोखण्यापूर्वी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. अलास्कात बंदुकीच्या संदर्भात सरकारी अधिकाऱ्याचे नाव काढले तरी कपाळाला आठ्या पडतात, हे खरे. परंतु ज्या शिकाऱ्याने मार्गदर्शक नेमण्याची सक्ती निमूटपणे स्वीकारली, त्याला अर्ध्या तासाची परीक्षा जाचक वाटण्याचे कारण नाही. बेटावर उतरताच स्वतःची रायफल आणि स्वतःचीच काडतुसे घेऊन, गुडघ्यावर बसून, ७५ मीटरवर चार गोळ्या झाडाव्यात. त्या जमल्या नाहीत, तर मॅग्नम खोक्यात बंद करून .३०-०६ सह दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.