खुर्ची दिली, पुढे काय?

महावीर जयंती जवळ आली की आपल्या समाजात शिबिराची गोष्ट निघते. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कानाची यंत्रं. मग मंडप, पाहुणे, हार, फोटो. देणाऱ्याचं मन खोटं नसतं, हे मी आधीच सांगून टाकते. पण बायांनो, त्या खुर्चीचं पुढे काय होतं, हे बघायला कोणी जातं का? बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहरातले बोळ, घराच्या पायऱ्या, उंबरा! सेरेब्रल पाल्सीच्या ज्या मुलाला मान धरता येत नाही, त्याला मानेला-पाठीला आधार देणारी, त्याच्या मापाची खुर्ची लागते. शिबिरातली खुर्ची मग कपडे वाळत घालायच्या कामी येते. आणि मुलगा आईच्या कडेवर. चौदा वर्षांचा.

जयपूर फूटचं नाव आपण अभिमानाने घेतो. घ्यावंच. 1975 साली डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. पण तो पाय चालला कशामुळे? कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो आपल्या माणसाची राहणी बघून घडवला होता. मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात उतरता यावं. आपण नाव तेवढं उचललं, रीत नाही.

आणि ते ‘मागच्या जन्माचं कर्म’ आता बंद करा. दुसऱ्याच्या लेकराच्या कर्माचा हिशेब मांडायला आपल्याला काय केवलज्ञान झालंय? उपवास बाह्य तपात, आणि वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, अंतरंग तपात, असं आपणच पाठशाळेत शिकवतो ना? अठाईवाल्या सुनेचा वरघोडा निघतो. रात्रीतून चारदा उठून मुलाची कूस बदलणारीला मात्र, “हल्ली प्रतिक्रमणाला दिसत नाहीस!” येईल कशी? मुलाला ठेवेल कोणाजवळ?

सरकारलाही सोडू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 24 मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. अर्थात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’, ही मेख आहेच. नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा वर्षाला एक लाखापर्यंतचा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असलेल्यांना, वयाची अट नाही. थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आपल्या किती घरांत हा फॉर्म भरलाय? दानपेटीचे आकडे तोंडपाठ असणाऱ्या भाऊंना विचारा.

महिला मंडळाने एवढं करावं. यंदाच्या मंडपाचा खर्च एका फिजिओथेरपिस्टला द्यावा; तो आठवड्यातून दोनदा घरी जाईल, आईला व्यायाम शिकवेल. इंदूरला किंवा जळगावला दाखवायला न्यायचं तर सोबत एक माणूस. मंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार. आणि मूल अठराचं झालं की पालकत्वाचा अर्ज कलेक्टर साहेबांच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो, तो भरायला त्या आईच्या शेजारी कोणीतरी बसा. “माझ्यामागे याचं कसं होईल?” हे ती रोज मनात म्हणते, तुमच्यासमोर म्हणत नाही.

फोटो काढायचाच असेल, तर त्या उताराचा काढा.