मातांवरील आरोप आणि जनुकांची साक्ष

छिन्नमनस्कतेने ग्रासलेल्या मुलाच्या आईलाच त्या व्याधीचे कारण ठरविण्याची जी विचारसरणी फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांच्या १९४८ मधील लेखनानंतर अमेरिकेत रूढ झाली, तिने आधीच दुःखाने खचलेल्या असंख्य मातांना, सबळ पुराव्यावाचून व कैफियत मांडण्याची मुभाही न देता, कित्येक वर्षे गुन्हेगार ठरविले. हा फैसला फिरविण्याचे श्रेय मुख्यत्वे जीवशास्त्राचे आहे. रुग्ण मातांपासून जन्मतःच दुरावून अन्यत्र वाढलेल्या अपत्यांतही हा विकार अधिक आढळतो, हे लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये दाखविले. २०१४ मध्ये त्याच्याशी निगडित अशी १०८ जनुकीय स्थाने नोंदली गेली, २०२२ पर्यंत ती २८७ झाली. आणि २०१६ च्या एका संशोधनाने, सहाव्या गुणसूत्रावरील ‘सी-४’ या जनुकाची अतिरिक्त क्रियाशीलता मेंदूतील चेतासंधींच्या अवाजवी छाटणीस कारण होत असावी, असा महत्त्वाचा दुवा पुढे आणला.

तथापि आनुवंशिकता म्हणजे विधिलिखित नव्हे. एकरूप जुळ्यांपैकी एकास हा विकार जडला तरी दुसरा सुमारे निम्म्या प्रसंगी त्यातून मुक्त राहतो; तेव्हा परिस्थितीचा वाटा नाकारता येत नाही. शिवाय या जनुकीय संशोधनातील बहुसंख्य नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्यामुळे आपल्याकडील कुटुंबांचा त्यात समावेश होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत अंक वाचून एखाद्या घराने जरी रुग्णाला लपविण्याऐवजी वेळीच उपचारांकडे नेले, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही मानू.