पुढचा रुपया कोठें खर्चावा?

एकत्र कुटुंबाचा जमाखर्च ज्यांनीं सांभाळला आहे, त्यांस हें सांगावयास नकोच. पैसा अपुरा पडतो तेव्हां चांगलें काय नि वाईट काय, हा प्रश्न नसतो. दोन्ही चांगल्या गोष्टींपैकीं आधीं कोणती, हा असतो. आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया करावी, कीं घरांतील लेंकरांसाठीं दुधाचा रतीब वाढवावा? सरकारच्या आरोग्यखात्यापुढें हाच प्रश्न कोट्यवधींच्या आंकड्यांनीं उभा राहतो. आणि घरच्यापेक्षां तेथें तो अधिक वाईट रीतीनें सुटतो, असें आमचें मत आहे.

रुग्णालयाच्या दारीं आलेल्या रोग्यास नांव असतें, चेहरा असतो, सोबत रडणारे आप्त असतात. जें मूल आजारीच पडलें नाहीं, त्याच्या वतीनें अर्ज कोण करणार? इमारतीस कोनशिला बसते, टळलेल्या मृत्यूस ती बसत नाहीं. अंदाजपत्रकाचा कल मग कोणीकडे झुकेल, हें काय सांगावें!

गडचिरोली जिल्ह्याचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं १९९५ पासून तेथील ३९ खेड्यांत, गांवांतल्याच बायकांना शिकवून, नवजात बालकांची घरच्या घरीं शुश्रूषा सुरू केली. बाळास थंडीपासून जपणें, अंगावर पाजण्यास आईला मदत करणें, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखणें आणि वेळ पडल्यास प्रतिजैविक औषधाची सुई टोचणें, असें तें काम. गांवच्या बाईनें सुई टोचावी, हें ऐकून शहरांतील पुष्कळ वाचक दचकतील. परंतु तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांच्या मानानें तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नें घटले, असा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या ब्रिटिश वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. खर्च दर बालकामागें ५.३ डॉलर!

मग मोठीं रुग्णालयें बंद करावयाचीं काय? छे! अडलेल्या बाळंतिणीस शस्त्रक्रियागृहच पाहिजे. तेथें घरभेट काय कामाची? मात्र तिजोरींत पुढचा रुपया येईल, तेव्हां तो कोठें अधिक जीव वांचवील हें आधीं पाहावें. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्यधोरणानें दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक पैसा प्राथमिक सेवेस द्यावा असें म्हटलें आहे. २०१८ सालीं आयुष्मान भारत योजना आली, तिचीं अंगें दोन: गांवोगांवचीं आरोग्यकेंद्रें, आणि रुग्णालयांतील उपचारांसाठीं पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण. घरोघर बोलबाला झाला तो दुसऱ्याचाच.

गडचिरोलीच्या धर्तीवरील घरभेटी २०११ पासून देशभर आशा सेविकांकडे सोंपविण्यांत आल्या. बाळ रुग्णालयांत जन्मलें तर सहा भेटी, घरीं जन्मलें तर सात. त्या साऱ्या भेटी मिळून सेविकेस मोबदला ठरला २५० रुपये.