गारवा कोणाचा, झळ कोणाला?

मे महिन्यातील भर दुपारी लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत जो पायी हिंडला असेल, त्याला आमच्या आजच्या विषयाची प्रस्तावना करून देण्याचे कारण नाही. काचेच्या दाराआड दुकानदार आणि त्याचे गिऱ्हाईक शीतल हवेत कापडाचा पोत पाहत असतात. आणि त्याच दुकानाच्या माथ्यावर बसविलेले यंत्र, आतील सारी उष्णता रस्त्यावर फेकीत, बाहेर भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडावर सतत तप्त वारा सोडीत असते. गारवा ज्याने विकत घेतला त्याचा; झळ मात्र जिने काहीच विकत घेतले नाही तिच्या वाट्याला! ही व्यवस्था न्यायाची आहे काय, असा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

पदार्थविज्ञानाचा साधा नियम असा की, थंडी कोणीही निर्माण करू शकत नाही. उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकता येते, एवढेच. आणि ती उचलण्यासाठी जी वीज खर्च होते, तिचीही उष्णता होऊन त्यात भर पडते. एका गल्लीत पन्नास यंत्रे चालली म्हणजे गल्ली तापते. गल्ली तापली म्हणजे यंत्रांना अधिक श्रम पडतात. आणि त्या श्रमांनी गल्ली आणखी तापते. याचा अर्थ वातानुकूलन हे पाप आहे, असे आम्ही मुळीच मानीत नाही. शस्त्रक्रियागृहातील रुग्णाला, औषधांच्या साठ्याला, ‘लातूर पॅटर्न’च्या आशेने दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या आणि दाटीवाटीच्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्याला गारवा हवाच. वाद गारव्याविषयी नाही. तो मिळविण्याच्या रीतीविषयी आहे.

आमच्या पूर्वजांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. मराठवाड्यातील जाड भिंतींचा वाडा आणि त्यावरचे मातीचे माळवद दिवसभराचे ऊन सहजासहजी आत येऊ देत नसे. दारावर वाळ्याचा पडदा आणि ओसरीत माठ असला की दुपार निभावत असे. आज आपण चारमजली काँक्रीटच्या पेट्या उभारतो, त्यांना पश्चिमेकडून काचा लावतो आणि मग त्या भट्टीत यंत्र बसवितो. म्हणून कोणत्याही मोठ्या योजनेआधी सावली, झाडे, छतावरचा पांढरा लेप आणि खिडकीवरचे छज्जे यांचा विचार झाला पाहिजे. जी उष्णता घरात शिरलीच नाही, ती बाहेर काढण्याचा खर्च नाही.

एवढे करूनही जी गरज उरेल, तिच्यासाठी जगातील अनेक शहरांनी सामायिक शीतकरणाचा मार्ग पत्करला आहे. कल्पना अवघड नाही. प्रत्येक इमारतीने आपापले यंत्र बसविण्याऐवजी एका केंद्रात मोठ्या यंत्रांनी पाणी सहा-सात अंशांपर्यंत थंड करावयाचे, उष्णतारोधक वेष्टनाच्या नळांतून ते जमिनीखालून इमारतींत न्यावयाचे आणि तेथील उष्णता घेऊन परत आलेले पाणी पुन्हा थंड करावयाचे. प्रत्येक इमारतीला मीटर; जितका गारवा वापराल तितके पैसे. थंड देशांत हीच युक्ती उष्णतेसाठी वापरतात. न्यूयॉर्कमध्ये १८८२ पासून वाफ नळांतून घरोघर विकली जाते. पॅरिसमध्ये सीन नदीच्या पाण्याचे साहाय्य घेऊन इमारती गार ठेवल्या जातात. आपल्या शेजारी, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत अशी व्यवस्था २०१५ पासून चालू आहे. आणि २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात केंद्र सरकारनेही या मार्गाचा पुरस्कार केला आहे.

सामायिक केंद्राचा मोठा लाभ असा की, सर्वांची गरज एकाच घटकेला शिखरावर नसते. कचेऱ्यांना दुपारी गारवा लागतो, शिकवणी वर्गांना सकाळी व सायंकाळी, बाजाराला दिवेलागणीनंतर आणि रुग्णालयाला अष्टौप्रहर. प्रत्येकाने आपल्या सर्वांत कठीण तासासाठी यंत्र घेतले तर शहरात यंत्रांची नुसती दाटी होते. सर्वांनी मिळून घेतले तर बेरजेपेक्षा पुष्कळच लहान यंत्र पुरते. शिवाय वीज मुबलक असेल तेव्हा थंड पाणी टाक्यांत साठवून ते कडक दुपारी वापरता येते. बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या लातूरच्या रात्री नांदेडपेक्षा सौम्य असतात. त्या रात्रीचा उपयोग दिवसासाठी करणे हे शहाणपणच होय.

परंतु येथे एक आक्षेप असा उभा राहतो की, त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकता येणार नाही. तो आक्षेप म्हणजे पाणी. भिंतीवरचे लहान यंत्र उष्णता हवेत सोडते. मोठे केंद्र बहुधा ती मनोऱ्यात पाण्याची वाफ करून घालविते. वातानुकूलनाच्या भाषेत एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी क्षमता. अशा एका टनामागे मनोऱ्यात तासाला सुमारे सात लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे पाचशे टनांचे केंद्र दहा तास चालले तर ३५ हजार लिटर पाणी गेले!

लातूरच्या नागरिकाला हा आकडा ऐकून काय आठवेल, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले असता मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. म्हणजे आमचे हे कल्पित केंद्र रोज त्यांतील एका वाघिणीचा पाऊण हिस्सा आकाशात उडवील. ज्या शहराने घागरीसाठी रांगा लावल्या, त्या शहरात दुकानांच्या गारव्यासाठी पिण्याचे पाणी देणे हा अपराध ठरेल. आणि वीज वापरून पाणी वाचते, असेही कोणी समजू नये. शेजारच्या परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले होते.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मराठवाड्यात सामायिक शीतकरण केंद्र उभारावयाचे तर ते शहराच्या सांडपाण्यावरच चालले पाहिजे; नळाचा एक थेंबही त्याला मिळता कामा नये. दरडोई १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील ऐंशी टक्के पाणी गटारात परत, हे नगरनियोजनाचे सर्वमान्य ठोकताळे धरले, तर ३५ हजार लिटर म्हणजे जेमतेम सव्वातीनशे माणसांचे सांडपाणी. दोन्ही शहरांची लोकसंख्या लाखांत आहे. पाणी आहे, ते शुद्ध करण्याची चिकाटी हवी. मात्र अर्धवट शुद्ध केलेले पाणी मनोऱ्यातून उडविणे म्हणजे रोगजंतू हवेत शिंपडणे होय. तेथे हयगय चालणार नाही. पण एकदा असे पाणी विकत घेणारा कायमचा ग्राहक महापालिकेला लाभला, तर शुद्धीकरण केंद्र चालू ठेवण्यास तिला पैसाही मिळेल आणि कारणही. गोदावरीच्या पात्रालाही तेवढाच दिलासा.

दुसरे आक्षेपही खरे आहेत. एक केंद्र बंद पडले तर सारे घामाघूम होतील, म्हणून राखीव यंत्र आणि रुग्णालयासाठी स्वतंत्र सोय हवी. केंद्र एकाच ठेकेदाराच्या हाती गेले तर दर त्याच्या मर्जीवर जातील, म्हणून दरावर सार्वजनिक नियंत्रण हवे. आणि रस्ते वारंवार खोदून ठेवण्याची आपली सवय सर्वांना ठाऊक आहे. यास्तव सोळा रस्ते जेथे मिळतात त्या गंजगोलाईतील जुनी दुकाने पहिल्याच झटक्यात उकरण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. आरंभ नांदेडजवळ विष्णुपुरीस करावा. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. गारव्याची खरी गरज, हिशेब मांडणारे अभियंते आणि मोकळी जागा ही तिन्ही तेथे एकत्र सापडतात. या अभियंत्यांनी एक उन्हाळाभर मोजमाप करावे, खर्चाचा अंदाज लोकांपुढे ठेवावा. तो अंदाज प्रतिकूल निघाला तर योजना तेथेच थांबवावी. अनुकूल निघाला, तर लातूरच्या शासकीय रुग्णालयाची आणि कचेऱ्यांची पाळी यावी, आणि बाजाराची त्यानंतर.

हे सारे आपल्याला पेलणारे नाही, असे कोणी म्हणेल. त्याला आम्ही मराठवाड्याच्याच इतिहासाकडे बोट दाखवू. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबराने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जमिनीखालच्या नहरींतून पाणी आणले. त्याच्यापाशी वीज नव्हती, पंप नव्हते; होती ती एवढीच समज की, ज्याची गरज सर्वांना आहे त्याची सोय सर्वांनी मिळून करावी. अलीकडे २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडने मनावर घेतले, तेव्हा थोड्या अवधीत शहराचे रूप पालटले, हेही आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

पाणी, दिवाबत्ती, गटारे या एके काळी ज्याच्या त्याच्या ऐपतीच्या बाबी होत्या. आज त्या नगराच्या जबाबदाऱ्या मानल्या जातात. वाढत्या उन्हाळ्यात गारवाही त्याच वाटेने जाणार, यात आम्हांस संशय नाही. तो दिवस उजाडेपर्यंत, यंत्राचे बटण दाबणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित नागरिकाने एकदा खिडकीबाहेर डोकावून पाहावे. आपली उष्णता कोणाच्या अंगावर पडते आहे, हे त्याला तेथे दिसेल.