गमावलेला स्नायू आणि स्टेम सेलचं इंजेक्शन

अपघातात मांडीचा किंवा दंडाचा लचकाच गेलेल्या माणसाला ‘स्टेम सेल टोचून घ्या, स्नायू परत येईल’ असं सांगितलं जातं. घरचे कर्ज काढतात. हा दावा खोडलाच पाहिजे.

त्याचा आधार मात्र खरा आहे. स्नायूतंतूंना बिलगून असणाऱ्या उपग्रह पेशी, म्हणजे स्नायूच्या स्वतःच्या स्टेम सेल, अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१मध्ये दाखवल्या. मुका मार किंवा लहानशी फाट यांतून स्नायू सावरतो तो त्यांच्याच बळावर. पण त्यासाठी तंतूभोवतीचं आवरण शाबूत लागतं. मोठा तुकडा गेला की आवरण, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं सगळंच जातं आणि तिथे कठीण व्रण भरतो. अशा जागी टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच मरतात.

म्हणून सगळं संशोधनच फोल, असं म्हणणारेही आहेत. त्यांचा रोख पिट्सबर्गच्या स्टीफन बॅडिलॅक यांच्या प्रयोगावर असतो. डुकराच्या ऊतींतल्या पेशी धुऊन उरलेली प्रथिनांची जाळी त्यांच्या गटाने रुग्णांच्या जखमेत बसवली. २०१६मध्ये १३ रुग्णांचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी ताकद सरासरी ३७.३ टक्के वाढली होती. आक्षेप असा, की तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांत अशा जाळीभोवती स्नायू कमी, व्रणच जास्त आढळला. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. तरी या रुग्णांकडून शस्त्रक्रियेआधी सुधारणा थांबेपर्यंत व्यायाम करून घेतला होता, हे आक्षेप घेणारे विसरतात. म्हणजे नंतरची वाढ निव्वळ व्यायामाच्या खाती टाकता येत नाही. ती एकट्या जाळीच्या खातीही टाकू नये. जुना व्रण काढला होता आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच हालचाल सुरू केली होती.

माझं म्हणणं असं, की पेशी, जाळी, रक्तपुरवठा, मज्जातंतू आणि व्यायामाचा ताण हा मिळून एकच उपचार आहे. मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू दंडात बसवताना सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जोडतात, म्हणूनच तो पुढे कोपर वाकवू शकतो. मज्जातंतू जोडला नाही, तर स्नायू वाळत जातो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तपेशींच्या प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त चाचणीतच वापरता येतात. इंजेक्शन सुचवणाऱ्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. आणि शस्त्रक्रियेला मदत देणाऱ्या प्रत्येक योजनेने तिच्या खर्चातच पुढच्या वर्षभराची फिजिओथेरपी धरावी.