"पहिल्यासारखं नाही यार"

या शनिवारी गावी होतो, कारध्याला. संध्याकाळी वैनगंगेच्या पुलाजवळ गाडी लावली आणि वू-टँग क्लॅनचा 'एट डायग्रॅम्स' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मुद्दाम. कारण 2025 मध्ये ही मंडळी निरोपाच्या दौऱ्यावर निघाली तेव्हापासून आम्हा मित्रांत त्यांच्या अल्बमांची प्रतवारी चाललीय, आणि 2007चा हा अल्बम दरवेळी तळाला. का, तर एकच उत्तर: "पहिल्यासारखं नाही यार."

सॉरी दोस्तहो, पण याला समीक्षा म्हणत नाहीत.

जरा आठवा. आधीचा अल्बम डिसेंबर 2001चा. मधे 2004 मध्ये ओल डर्टी बास्टर्ड गेला, छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. सहा वर्षांनी बाकीचे एकत्र आले. रिझाने ड्रम्सची धार कमी केली, गिटार आणली, बीटल्सच्या गाण्यावर बेतलेल्या ट्रॅकसाठी एरिका बडू आणि जॉर्ज हॅरिसनचा मुलगा धनी यांना बोलावलं. शेवटी गेलेल्या मित्रासाठी एक गाणं. काही समीक्षकांना आवडलं, जुने चाहते मात्र भडकले.

आता तुम्ही म्हणाल, खुद्द रेक्वॉन आणि घोस्टफेसही नाराज होतेच की! होते. रिझा हिप्पी झालाय, अशा अर्थाचं रेक्वॉन उघड बोलला. पण त्यांचं भांडण समोरच्या बीट्सशी होतं. त्यावर वाद घालता येतो. मलाही मधली तीन-चार गाणी रेंगाळलेली वाटतात, आणि बुजुर्ग आहेत म्हणून सगळं गोड मानून घेणारे भक्तही मला तितकेच डोक्यात जातात.

आपलं भांडण मात्र 1993शी आहे. '36 चेंबर्स' आपण नागपूरच्या होस्टेलवर कॉपी केलेल्या सीडीवर ऐकला, तेव्हा ना ईएमआय होता, ना अप्रेझल. आपल्याला हवंय ते वय. ते रिझा कुठून आणून देणार? आणि गंमत बघा, 1993 मध्ये त्या नऊ जणांनी "पहिल्यासारखं" करायचं ठरवलं असतं, तर कुंग-फू सिनेमांचे संवाद आणि खरखरीत ड्रम्स असलेला तो अल्बम झालाच नसता!

आमच्या कारध्याच्या पुलाशी नदीची पातळी मोजतात. धोक्याची खूण 245.50 मीटर. ऑगस्ट 2020च्या पुरात पाणी तिच्यावर गेलं, भंडाऱ्यात घराघरांत शिरलं. पण त्यानंतर एखाद्या पावसाळ्यात पाणी तिथवर नाही पोचलं, म्हणून "वैनगंगा संपली" असं गावात कुणी म्हणत नाही. आज पाणी किती, एवढंच बघतात. आपण मात्र प्रत्येक नव्या अल्बमला जुन्या पुराच्या खुणेपाशी उभं करतो आणि बुटका म्हणून हाकलतो.

अल्बम नावडला तर खुशाल नावडू दे. पण कुठलं गाणं, कुठला बीट, कुणाची ओळ फसली, ते सांगा. कोडचा रिव्ह्यू करताना "आधीचं व्हर्जन भारी होतं" एवढंच लिहून कुणी पाठवलं तर आपण ऐकून घेतो का?

असो. त्या शेवटच्या गाण्यापर्यंत पुलाखाली अंधार पडला होता. एकदा ऐका, यादी काढून नव्हे, नुसतं. मग भांडू :)