मांजराचे दार

न्यूटनने म्हणे मांजरीसाठी दाराला मोठे भोक पाडले आणि पिल्लांसाठी शेजारी लहान! ही दंतकथा असेल. पण इंग्लंडमधील एक्झेटर कॅथेड्रलच्या घड्याळाखालच्या दाराला मांजरासाठी पाडलेले भोक आजही आहे. तेव्हा आमच्या मनीसाठी मी मागच्या दाराला झडप बसवली, यात जगावेगळे काही नाही.

पण मनी झडपेकडे ढुंकूनही पाहीना. मी तिला धरून ढकलले. त्यानंतर दोन दिवस ती दाराजवळ फिरकलीच नाही. चूक माझी होती. मग झडप सुतळीने वर बांधली, पलीकडे सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला आणि रोज सुतळी थोडी सैल करत गेलो. दहाव्या दिवशी तिने आपल्या डोक्यानेच झडप ढकलली.

माझे म्हणणे एवढेच, की दार करून दिले म्हणजे काम संपत नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. ग्रंथालयाचे दार उघडेच होते. पण आत जाऊन पुस्तक मागायचे कसे, हे विचारायलाच मला वर्ष लागले. यंदाही असे कितीतरी जण दाराशी घुटमळत असतील. त्यांना हसू नये, ढकलूही नये. थोडे दिवस झडप वर धरावी, बस्स.